वेळ वांचतो तो कोणाचा?

वेळ कसा वापरावा हें सांगणाऱ्या पुस्तकांची आपल्या घरांत वाण नाहीं. परीक्षेच्या दिवसांत मुलाच्या हातीं एक दिलें जातें, नोकरींत बढती मिळाली कीं दुसरें विकत घेतलें जातें, आणि सेवानिवृत्तीच्या समारंभांत तिसरें कोणीतरी भेट म्हणून देतें. कित्येक इंग्रजीवरून उतरविलेलीं असतात, कांहीं स्वतंत्र असतात. पण बहुतेकांचा सूर एकच. दिवसाचे चोवीस तास ही सर्वांस सारखी मिळालेली पुंजी आहे. ती जो नीट गुंतवील तो पुढें जाईल, जो उधळील तो मागें पडेल. ह्या पुस्तकांचा वाङ्मय म्हणून विचार आपल्याकडे कोणी फारसा करीत नाहीं. तीं उपयोगाचीं मानलीं जातात, आणि उपयोगाच्या वस्तूचें परीक्षण करावयाचें नसतें अशी एक समजूत आहे. परंतु जें पुस्तक माणसाच्या पहांटेपासून निजेपर्यंतच्या वागण्यांत हात घालतें, तें तपासून पाहण्यास एखाद्या कवितासंग्रहापेक्षां अधिकच कारण आहे.

साध्या राहणीच्या बाजूनें पाहिलें तर ही तपासणी अधिक जरूर ठरते. साधी राहणी म्हणजे थोड्या वस्तूंत भागविणें, एवढाच अर्थ आपण सहसा घेतों. पण वस्तु मिळविण्यास, पुसण्यास, सांभाळण्यास व दुरुस्त करण्यास वेळ लागतो; तेव्हां राहणीचा प्रश्न हा मुळांत वेळेचाच प्रश्न आहे. कालनियमनाचें पुस्तक आणि साध्या राहणीचें पुस्तक हीं दोन निराळीं पुस्तकें नव्हेत. मग अशा पुस्तकाची कसोटी कोणती? आमच्या मतें ती एकच: ज्या ठिकाणीं तें वाचलें जाणार, तेथल्या घरांतल्या सर्वांचा दिवस त्यांत बसतो कीं नाहीं. ही कसोटी लावून पाहण्यासाठीं पुणें जिल्ह्यांतले शिरूर आणि दौंड हे दोन तालुके आम्ही घेतले आहेत. ते शेजारी आहेत, त्यांच्यामधून भीमा वाहते, आणि दोहोंस वेळ निरनिराळ्या हातांनीं मिळाली आहे.

दौंडास ती आगगाडीनें दिली. पुण्याहून पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग १८५८ सालीं दिकसाळपर्यंत सुरू झाला, आणि वीस वर्षांनीं, १८७८ सालीं, दौंड-मनमाड मार्ग होऊन ह्या भीमाकांठच्या गांवास जंक्शनचें महत्त्व आलें. ज्या मुलखास भीमथडी म्हणत आणि ज्याच्या तट्टांचें मराठी फौजेंत नांव होतें, तेथला दिवस वेळापत्रकावर मोजला जाऊं लागला. सूर्य माथ्यावर आला म्हणजे दोनप्रहर झाले, हा हिशेब गाडीपुढें टिकण्यासारखा नव्हता. देशांतल्या आगगाड्या त्या काळीं मद्रासच्या वेळेनें चालत. १ जानेवारी १९०६ पासून सर्व देशासाठीं एक प्रमाणवेळ ठरली. मुंबई शहरानें मात्र आपली एकोणचाळीस मिनिटें मागची वेळ त्यानंतरही कित्येक वर्षें सोडली नाहीं. घड्याळांतली वेळ ही कोणीतरी ठरविलेली असते, आणि ज्यानें ती ठरविली त्याच्या सोयीनें इतरांनीं उठावयाचें असतें, हें दौंडासारख्या गांवास पुस्तकावांचून कळलेलें आहे. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचें इंजिन दौंडास काढून दुसऱ्या टोकास जोडावें लागे, आणि तोंपर्यंत गाडी उभी राही. अलीकडे स्थानकाबाहेरून वळणमार्ग झाला असून कित्येक गाड्या आंत न येतां परस्पर निघून जातात. प्रवाशाचा वेळ वांचला हें खरें. त्या खोळंब्यावर फलाटावर ज्यांचें पोट भरत असे त्यांचें काय झालें, हें वेळापत्रकांत लिहिलेलें नसतें.

शिरुरास लोहमार्ग नाहीं. घोडनदी ह्या नांवानेंही ओळखल्या जाणाऱ्या ह्या गांवीं इंग्रजी अमदानींत घोडदळाची छावणी होती. पुणें-नगर हमरस्ता हाच त्याचा मोठा मार्ग. तालुक्यांत अष्टविनायकांपैकीं रांजणगांवचा गणपति आहे, आणि त्याच रांजणगांवीं मोठी औद्योगिक वसाहत आहे. म्हणजे एकाच गांवीं काकड आरतीची वेळ आणि कारखान्याच्या पाळीची वेळ शेजारीं नांदतात. शेतांतली वेळ तिसरीच आहे. शेतीपंपाची वीज पाळीपाळीनें मिळते. कांहीं दिवस ती दिवसां असते, कांहीं दिवस रात्रीं. रात्रीची पाळी असली कीं शेतकऱ्यानें मध्यरात्रीं उठून पाणी धरावयाचें. जुन्नर, आंबेगांव, खेड आणि शिरूर ह्या तालुक्यांतल्या उसांत बिबट्यांनीं वस्ती केली आहे आणि माणसें बळी गेलीं आहेत. तेव्हां त्या रात्रींच्या बाऱ्यास भीतीचीही जोड आहे. दिवसां वीज मिळावी म्हणून राज्य सरकारनें २०१७ सालीं सौर कृषि वाहिनी योजना काढली. त्या मागणींत पाण्याइतकीच झोपेचीही मागणी होती. अशा शेतकऱ्यापुढें ‘लवकर निजे, लवकर उठे’ हा उपदेश ठेवणें म्हणजे त्याची थट्टा करणें होय. त्याचे चोवीस तास इतरांइतकेच आहेत, पण त्यांचा क्रम त्याच्या हातीं नाहीं.

आतां पुस्तकांकडे वळूं. ह्या प्रकारच्या आधुनिक वाङ्मयाचें एक मूळ म्हणून आर्नल्ड बेनेट ह्या इंग्रज कादंबरीकाराच्या छोट्याशा पुस्तकाकडे बोट दाखवितां येतें. दिवसाच्या चोवीस तासांवर जगावें कसें, असा त्याच्या नांवाचा अर्थ असून तें १९०८ सालचें आहे. लंडनच्या उपनगरांतून गाडीनें कचेरीस जाणारा मध्यम स्थितींतला कारकून हा त्याचा नायक. बेनेटचें म्हणणें असें: हा मनुष्य कचेरीचे आठ तास म्हणजेच आपला दिवस समजतो, आणि उरलेले सोळा तास त्याची शेपटी म्हणून फुकट घालवितो. त्यानें सकाळच्या गाडींत वर्तमानपत्रांत डोकें खुपसून बसूं नये. स्थानकाकडे चालतांना मन एकाच विषयावर ठेवण्याची संवय करावी. आठवड्यांतून तीन संध्याकाळीं दीड दीड तास कांहीं गंभीर वाचन करावें. दौंडहून रोज पुण्यास नोकरीसाठीं येणाऱ्या माणसास हें पुस्तक आपल्यासाठींच लिहिलें आहे असें वाटेल. पाऊणशें किलोमीटरांचा जाण्यायेण्याचा प्रवास. त्यांतले तास खरोखरच त्याचे आहेत, आणि ते कसे जातात हें त्यालाच ठाऊक आहे.

बेनेट उथळ नाहीं. थोडक्यानें आरंभ करा, वेळापत्रकाचे गुलाम होऊं नका, आपण वेळ पाळतों म्हणून इतरांस तुच्छ लेखूं नका, हे त्याचे इशारे आजच्या पुस्तकांत सांपडत नाहींत. पण त्याच्या प्रस्तावनेंत एक लहानशी जागा आहे, आणि तेथें सगळ्या इमारतीचा पाया उघडा पडतो. पहांटे लवकर उठलों तर चहा कोण देणार, ह्या शंकेस उत्तर देतांना तो सांगतो कीं आदल्या रात्रींच मोलकरणीला एका तबकांत चहाचें साहित्य आणि स्पिरिटचा दिवा मांडून ठेवावयास सांगावें. मग पहांटे आपण फक्त काडी ओढावयाची. उपाय सुटसुटीत आहे. परंतु तें तबक मांडणारी बाई किती वाजतां निजली आणि किती वाजतां उठली, हा प्रश्न त्या पुस्तकास पडलेला नाहीं. नायकाची पहांट तिच्या रात्रींतून कापून काढलेली आहे. दौंडच्या गाडीस जाणाऱ्या माणसाचा डबाही कोणीतरी त्याच्या आधीं उठून भरलेला असतो. गाडींतला वेळ त्याचा. पण गाडी सांपडावी म्हणून खर्च झालेला वेळ दुसऱ्या कोणाचा तरी आहे.

साध्या राहणीची बाजू बेनेटच्या पुस्तकांत जवळ जवळ नाहीं. मिळकत व गरजा आहेत तशाच धरून तो उरलेल्या तासांची मशागत शिकवितो. ती बाजू त्याच्याही आधीं अर्ध्या शतकानें अमेरिकेंत थोरोनें मांडली होती. थोरोचें ‘वॉल्डन’ १८५४ सालचें. दुर्गा भागवतांनीं तें ‘वॉल्डनकांठीं विचारविहार’ ह्या नांवानें मराठींत आणलें आहे. कोणत्याही वस्तूची खरी किंमत म्हणजे ती मिळविण्यासाठीं आयुष्याचा जो तुकडा द्यावा लागतो तो, हा त्याचा सिद्धांत. तीस मैलांवरच्या गांवास जाण्यासाठीं आगगाडीचें भाडें नव्वद सेंट पडतें, म्हणजे जवळ जवळ एका दिवसाची मजुरी. तेव्हां ते पैसे मिळवून गाडीनें जाणाऱ्यापेक्षां आतांच चालूं लागणारा आधीं पोंचेल, असा हिशेब तो करून दाखवितो. हा हिशेब रांजणगांवच्या एखाद्या तरुण कामगारास लावून पाहावा. कारखान्यांत वेळेवर पोंचावें म्हणून तो हप्त्यानें मोटारसायकल घेतो, हप्ता फिटावा म्हणून जादा पाळी करतो, आणि जादा पाळीमुळें घरीं बसण्यास वेळ उरत नाहीं म्हणून करमणुकीसाठीं मोठा फोन घेतो, त्याचाही हप्ता असतो. प्रत्येक वस्तु वेळ वांचविणारीच आहे. सगळ्या मिळून त्याचा दिवस खाऊन टाकतात. ही सांखळी बेनेटनें दाखविली नाहीं, थोरोनें दाखविली, म्हणून तो मोठा. परंतु थोरो तळ्याकांठीं एकटा राहिला, तोही दोन वर्षें आणि दोन महिने. त्याच्या झोंपडींत आजारी सासू नव्हती, शाळेंत जाणारें मूल नव्हतें. एकट्याच्या गरजा कमी करणें सोपें असतें. चौघांच्या घरांत एकानें आपल्या गरजा कमी केल्या आणि त्या पुरविण्याचें काम दुसऱ्याकडे तसेंच राहिलें, तर त्यास साधेपणा म्हणतां येत नाहीं.

घर सोडून न जातां दिवस नीट लावण्याचा विचार मराठींत फार जुना आहे. दासबोधाच्या अकराव्या दशकांतला तिसरा समास, ‘शिकवण’, हा प्रापंचिकाच्या एका दिवसाचा नकाशाच आहे. पहांटे उठावें, कांहीं पाठ म्हणावें, शौच, स्नान, संध्या, पूजा आटोपावी. थोडें खाऊन संसाराच्या धंद्यास लागावें. जेवणानंतर वाचन व चर्चा करावी. कोणताही क्षण वायां जाऊं देऊं नये. आजच्या उपदेशकांनीं त्यांतलें शेवटचें वाक्य तेवढें उचललें आणि समर्थांस आपल्या पंक्तीस बसविलें. पण समास सबंध वाचणारास फरक दिसल्यावांचून राहत नाहीं. त्यांत घटिका-प्रहरांची मोजणी नाहीं, फक्त क्रम आहे. विद्युन्मंडळाच्या पाळीनें ज्याची रात्र मोडते त्या शेतकऱ्यासही असा क्रम कांहीं अंशीं पाळतां येईल, कारण क्रम घड्याळाइतका ठिसूळ नसतो. दुसरें असें कीं समर्थांचा रोख वेळ कमी पडण्यावर नाहीं, दुश्चितपणावर आहे. मन ठिकाणावर नसलें कीं मनुष्य चुकतो, विसरतो, वस्तु टाकून येतो आणि मागाहून चरफडतो. असें त्यांचें निदान आहे. आणि सावधपणाचें फळ म्हणून ते काय सांगतात? जेवण गोड लागतें. ज्या पुस्तकांत कालनियमनाचें बक्षीस बढती किंवा कीर्ति नसून घांसाची गोडी आहे, तें पुस्तक साध्या राहणीचें खरें. अडकलेल्या लोकांस सोडवावें, हेंही त्या दिवसाच्या कामांतच मोजलें आहे. दुसऱ्यासाठीं घालविलेला वेळ तेथें वायां गेलेला ठरत नाहीं.

इतकी थोरवी मान्य करूनही आमची कसोटी येथें आणावीच लागेल. त्या समासांतलें जेवण गोड लागलें. पण तें रांधलें कोणीं? पाठांतर करणारा पहांटे उठला, त्याच्या आधीं उठून पीठ कोणीं दळलें? समास त्याविषयीं बोलत नाहीं. सतराव्या शतकांतल्या ग्रंथाकडून आजच्या काळाचा विचार मागणें अन्यायाचें होईल, हें आम्ही जाणतों. परंतु त्या मौनाची जागा मराठीनें अगदींच रिकामी ठेविली नाहीं. ज्यांचा दिवस ग्रंथांत आला नाहीं, त्यांनीं तो जात्यावर सांगितला.

जात्यावरच्या ओव्या हें मराठींतलें पहांटेचें सर्वांत मोठें वाङ्मय आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ ह्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं खेड्यांखेड्यांतून जमविलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. त्यांत शिरूर तालुक्यांतल्या सविंदण्यासारख्या गांवांतल्या बायकांच्याही ओव्या आहेत. ह्या ओव्यांकडे आपण सहसा लोकसंस्कृतीचा ठेवा म्हणून पाहतों. कालनियमनाच्या दृष्टीनें पाहिलें तर एक वेगळीच गोष्ट ध्यानांत येते. बेनेटचा नायक कचेरीचें काम एका वेळीं करतो आणि मनाची मशागत दुसऱ्या वेळीं. समर्थांचा प्रापंचिकही धंदा आणि ग्रंथविवरण क्रमानें करतो. जात्यावरच्या बाईस असा दुसरा वेळ मिळालाच नाहीं. तिनें माहेरची आठवण, सासरचा जाच, लेकाचें कौतुक, विठ्ठलाची ओढ हें सगळें दळणाच्याच वेळांत बसविलें. एका हाताच्या फेऱ्यांत पोटाचें काम आणि मनाचें काम दोन्ही झालीं. वेळेचा ह्याहून काटकसरीचा उपयोग कोणत्याही पुस्तकांत सांगितलेला नाहीं.

मात्र ह्या कौतुकांत एक धोका आहे, आणि आपल्याकडील कित्येक लेखकांनीं तो ओळखलेला दिसत नाहीं. ओवी सुंदर आहे म्हणून दळण सुंदर होत नाहीं. पहांटे उठून जातें ओढणें हे कष्ट होते. पिठाची गिरणी आली तेव्हां ते टळले, आणि ते टळले हें चांगलेंच झालें. जुनी राहणी साधी होती आणि आपण ती बिघडविली, असें म्हणणाऱ्यानें आधीं स्वतः शेरभर जोंधळे दळून पाहावे. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. गिरणीनें वांचविलेली ती पहांट गेली कोठें? ती त्या बाईला विसाव्यासाठीं मिळाली, कीं मुलाचा डबा, नवऱ्याची गाडी, नळाचें पाणी आणि शाळेची बस ह्यांनीं ती आपसांत वांटून घेतली? यंत्रानें वेळ वांचतो. तो कोणाच्या पदरांत पडावा हें यंत्र ठरवीत नाहीं, घर ठरवितें.

ह्या प्रश्नाचें एक प्रत्यक्ष उत्तर दौंड तालुक्यांतच घडून गेलें आहे. पुणें-दौंड मार्गावरच्या केडगांवीं पंडिता रमाबाईंनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुक्ति-सदन वसविलें. त्याआधीं, १८८२ सालीं, रमाबाईंनीं ‘स्त्रीधर्मनीति’ हें पुस्तक लिहिलें होतें. स्त्रियांस उद्देशून लिहिलेल्या ह्या ग्रंथांत स्वावलंबन, विद्या, गृहकृत्यें अशा विषयांवर उपदेश आहे, आणि त्याच्या विक्रीचा पैसा त्यांस १८८३ च्या विलायतेच्या प्रवासासाठीं उपयोगी पडला. त्याची भाषा संस्कृताच्या वळणाची, सूर उपदेशकाचा. आजच्या अभ्यासकांनीं हे दोष दाखविले आहेत आणि ते खरे आहेत. आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्याचा मोठा दोष निराळा आहे. तेथें गृहिणी एकटी आहे. तिनें शिकावें, तिनें नीटनेटकें राहावें, तिनें आळस टाकावा. सगळें तिच्याच गुणांवर सोंपविलेलें. दिवस अपुरा पडला तर दोष तिचा. बेनेटच्या कारकुनास निदान तबक मांडणारें कोणी होतें. ह्या गृहिणीस तेंही नाहीं.

केडगांवच्या रमाबाई ह्या ‘स्त्रीधर्मनीती’च्या लेखिकेहून पुष्कळ पुढें गेलेल्या आहेत. दुष्काळांत निराधार झालेल्या बायकामुली त्यांनीं आणल्या. १९०० च्या सुमारास तेथील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरांत होती. स्वैंपाक, शेती, विणकाम, तेलाचा घाणा, शाळा, छापखाना, अशीं कामें तेथील स्त्रियांनींच करावयाचीं. एवढा प्रपंच ठराविक वेळांवांचून एक दिवसही चालणार नाहीं हें उघड आहे. ह्याच धबडग्यांत रमाबाईंनीं उतारवयांत हिब्रू व ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास करून सबंध बायबलाचें मराठी भाषांतर केलें. १९२२ च्या एप्रिलांत त्या वारल्या. भाषांतर १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. त्याचे खिळे मुक्ति-सदनांतल्या बायकांनीं जुळविले आणि छपाईही तेथेंच झाली. त्यांच्या धर्मांतराविषयीं त्या काळीं झालेल्या वादांत येथें शिरण्याचें कारण नाहीं; तो वाद मान्य असणारानेंही आणि नसणारानेंही पाहण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे.

ती ही कीं एका बाईस ग्रंथासाठीं वर्षेंच्या वर्षें वेळ मिळाला, तो तिनें पहांटे अधिक लवकर उठून कमावला एवढेंच त्याचें स्पष्टीकरण पुरत नाहीं. पदार्थ थोडे, वस्त्रें साधीं, सामान बेताचें. म्हणून करावयाचें काम मुळांतच कमी. आणि जें उरलें तें सर्वांत वांटलेलें. जी मुलगी एका वेळीं शेतांत राबली तिलाच दुसऱ्या वेळीं शाळेंत बसावयास मिळालें, कारण कोणतेंही काम एकीच्याच जन्माला बांधलेलें नव्हतें. गरजा उतरविणें आणि काम वांटणें, ह्या दोन गोष्टी जेथें एकत्र आल्या तेथें वेळ निर्माण झाला. थोरोस पहिली सांपडली, दुसरी सांपडली नाहीं. बेनेटला दोन्हींची गरज भासली नाहीं, कारण त्याच्या घरीं मोलकरीण होती. ‘स्त्रीधर्मनीति’ ह्या पुस्तकानें जें सांगितलें नाहीं तें केडगांवनें करून दाखविलें. लेखिकेचें आयुष्य तिच्या पुस्तकावरची उत्तम टीका ठरलें.

संस्थेंत जें जमलें तें कुटुंबांत जमत नाहीं, असें कोणी म्हणेल. आजचे आंकडे पाहतां तें फारसें जमलेलें दिसत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या कालविनियोग-पाहणीप्रमाणें घरचें बिनमोबदल्याचें काम करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाचीं सरासरी २८९ मिनिटें घालवितात, आणि तें काम जे करतात ते पुरुष ८८ मिनिटें. २०१९ च्या पाहणींत हेच आंकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पांच वर्षांत दोघांचें काम नऊ-दहा मिनिटांनीं कमी झालें, आणि मधलें अंतर मात्र होतें तसेंच, दोनशें मिनिटांचें राहिलें. घरोघर मिक्सर, गॅस आणि कपडे धुण्याचीं यंत्रें आलीं. वेळही वांचला असेल. वांटणी बदलली नाहीं. कालनियमनाचें कोणतेंही पुस्तक ह्या दोनशें मिनिटांस हात लावीत नाहीं, आणि जोंवर लावीत नाहीं तोंवर तें घरांतल्या एकाचेंच पुस्तक राहील.

सुशिक्षित कुटुंबांनीं ह्यावरून कांहीं घ्यावयाचें असेल तर तें अवघड नाहीं. जेवणाची एक वेळ ठरवावी आणि ती सर्वांनीं पाळावी. तिघे तीन वेळीं जेवणार असतील तर चौथ्याचा दिवस तीन ठिकाणीं मोडतो. रोजच्या ताटांतला एक पदार्थ कमी केला तर तो खाणाऱ्याची पांच मिनिटांची चव जाते, करणाऱ्याचा अर्धा तास मोकळा होतो. हा थोरोचा हिशेब स्वैंपाकघरांत आणण्यास तळ्याकांठीं जाण्याची जरूर नाहीं. आपलें ताट आपण घासावें, आपला डबा आपण भरावा. नवी वस्तु घेतांना ती कोणाचा वेळ वांचविणार आणि ती पुसणार कोण, हे दोन्ही प्रश्न एकदमच विचारावे. सणावारीं पाहुण्यांस चार पक्वान्नांऐवजीं एक द्यावें आणि जिनें तें केलें तिलाही पंगतींत बसवावें. ह्या गोष्टी क्षुद्र वाटतील. पण समर्थांनींही आपल्या समासांत मोठ्या गोष्टी सांगितल्या नाहींत. उठणें, धुणें, जेवणें, वाचणें ह्यांचाच क्रम लावला.

राहतो प्रश्न शिरूरच्या त्या शेतकऱ्याचा, ज्याची रात्र विजेच्या पाळीनें मोडते. त्याच्यासाठीं घरांतली वांटणी पुरेशी नाहीं. त्याचा वेळ घराबाहेरच्या व्यवस्थेनें घेतला आहे आणि तो त्या व्यवस्थेनेंच परत केला पाहिजे. येथें कालनियमन हा व्यक्तीचा सद्गुण राहत नाहीं, सार्वजनिक न्यायाचा विषय होतो. आपण दुपारीं पंख्याखालीं बसून वेळेच्या सदुपयोगावरचें पुस्तक वाचतों, त्या वेळीं विजेचा कोणता वांटा कोणास आणि केव्हां मिळतो हें ठरविणारें एक वेळापत्रक चालूं असतें. त्यांत आपली दुपार आणि त्याची मध्यरात्र हीं एकाच हिशेबाचीं दोन टोकें आहेत.

म्हणून ह्या प्रकारचें नवें पुस्तक हातीं आलें म्हणजे त्यांत दिवसाचे किती भाग पाडले आहेत आणि पहांट किती वाजतां धरली आहे, हें पाहत बसूं नये. त्यांत सांगितलेला मोकळा तास कोणाच्या दिवसांतून आला, एवढें शोधावें. पुस्तकानें त्याचें उत्तर दिलें असेल तर तें घरांत ठेवावें. दिलें नसेल तर बाकीचा उपदेश कितीही चांगला असो, हिशेब अर्धाच मांडलेला आहे असें समजावें, आणि उरलेला अर्धा घरांतल्या सर्वांनीं एकत्र बसून पुरा करावा.